हौदातले किडे

मामा, किडे गेले.

तुम्हाला हे कळवायलाच हवं. या घरात या विषयात रस असलेली माणसं दोनच होती, एक मी आणि एक तुम्ही, आणि त्यातला एक न सांगता उठून गेला. माशांच्या पेटीची काच लख्ख आहे. खड्यांमधून एकही पांढरा धागा डोकं वर काढत नाही. पाणी असं नितळ की पेटीत पाणी आहे की नाही, हे हात घालून बघावं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी नळीनं घाण उपसली, औषधं आणली, दुकानदाराची बोलणी खाल्ली, ते तुम्ही गेल्यावर पंधरवड्यात आपोआप झालं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मला तर संताप येतो.

हो, संतापच. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे आणि तुमच्या तेराव्याला गावात सगळे गोडच बोलले. आप्पा म्हणजे देवमाणूस, आप्पांनी कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, आप्पांना राग म्हणून ठाऊक नव्हता. मी मूग गिळून ऐकत होतो. सासऱ्याबद्दल जावयानं भावकीत बसून काय बोलायचं? म्हणून घरी आल्यावर इथे बोलतोय. मी चुकलो, मला माफ करा, असलं काही यात येणार नाही. चुकला असाल तर तुम्ही.

सासूबाई गेल्या आणि तुमची एकुलती एक लेक, म्हणजे माझी बायको मंगल, तुम्हाला सिल्लोडच्या पुढच्या त्या गावाहून आमच्या मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये घेऊन आली. तुम्ही दारातच जाहीर केलंत, "चार दिस ऱ्हाईन. लेकीच्या घरी बूड टेकून बसायची रीत नाय आमच्यात." खताच्या पोत्याची तुमची पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवलीत आणि ती तिथून कधी हलवू दिली नाहीत. धोतर त्या पिशवीतून काढायचं, धुऊन वाळलं की त्याच पिशवीत ठेवायचं. मंगलनं कपाटात तुमच्यासाठी मोकळा केलेला कप्पा शेवटपर्यंत मोकळाच राहिला. ती सकाळी उठली की गॅस पेटवायच्या आधी दारामागे डोकावायची, पिशवी आहे ना. गावातल्या घराला कुलूप, मेंढरं विकलेली, तुमच्या एका डोळ्याला जवळजवळ दिसतच नव्हतं. तिथे पडलात-झडलात तर उचलायला कोण होतं? तुम्ही इथे राहावं, एवढंच तिला हवं होतं. टीव्ही तुम्हाला नको होता, देवळातल्या म्हाताऱ्यांचं टोळकं नको होतं. तुम्हाला आवडली ती फक्त हॉलमधली माशांची काचेची पेटी.

ती पेटी सायलीची, तुमच्या नातीची. ती शिकायला पुण्याला गेली आणि जाताना मला बजावून गेली, बाबा, यातला एक जरी मेला तरी मी तुमच्याशी बोलणार नाही. दोन सोनेरी मासे, एक थोरला आणि एक ठिपक्यांचा, शिवाय मूठभर बारकी पिलावळ. तुम्ही पहिल्या दिवशी पेटीभोवती फिरून आलात, काचेवर टिचकी मारलीत आणि म्हणालात, "हौद बरा हाय. पर यांला चारा काय?" मी डबी दाखवली. तुम्ही त्यातली पापडी हातावर घेतलीत, वास घेतलात, माझ्याकडे बघितलंत. "ह्यो भुसा? ह्याच्यावर कसं जगतेत बिचारे?" मग पिशवीतून तुमची काळी घोंगडी काढून पेटीसमोर फरशीवर अंथरलीत आणि बसलात. सोफा दोन हातांवर होता. त्यावर तुम्ही कधीच बसला नाहीत.

किडे दिसले ते त्यानंतर महिन्याभरानं. केसासारखे बारीक, पांढरे, काचेला चिकटून वळवळणारे. मी चितेगावच्या कंपनीत तयार मालाची तपासणी करतो. एवढीशी चीर दिसली तरी माल परत पाठवायचा, हेच माझं काम, त्यामुळे असलं काही नजरेतून सुटत नाही. माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, खाना जादा हो रहा है. खाली पडतं, सडतं, त्यावर हे कीडे होतात. मासे को कुछ नहीं करते, पण तुम्ही खाना कम करो." मी खाणं निम्मं केलं. किडे वाढले. एक दिवसाआड चिमूटभर टाकू लागलो. किडे आणखी वाढले. मासे मात्र उपाशी राहून चांगले गरगरीत होत चालले होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी औषध आणलं. औषधानं पाणी निळं झालं, आणि किडे त्या निळ्या पाण्यात जास्तच उठून दिसू लागले.

तुम्ही घोंगडीवरून सगळं बघत होतात. "आसंना का," म्हणालात. "त्यांनी तुमचं काय खाल्लं?"

"मामा, घाण आहे ती."

"मेंढराच्या पोटात नसतेत व्हय जंत? म्हून काय मेंढरू टाकून देता?"

खालचे खडे धुवायचे आणि पाणी बदलायचं, एवढाच उपाय उरला. आता आपल्या संभाजीनगरात पाणी बदलायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल, तुम्हाला नाही. नळाला आठवड्यानं कधीतरी पाणी येतं. त्या दिवशी आख्खी बिल्डिंग बादल्या, घागरी, टिपाडं घेऊन उभी असते, पाण्याच्या दिवशी कुणी लग्नालासुद्धा जात नाही. त्यातून मी टिपाडभर पाणी माशांसाठी बाजूला काढायचं म्हणालो. वर ते नळाचं ताजं पाणी चालत नाही, दोन दिवस उघडं ठेवून शिळं करावं लागतं. तुम्ही टिपाडाच्या आणि माझ्या मधे उभे राहिलात. "मान्सानं तोंडं मोजून पाणी प्यायाचं अन् ह्ये वतून द्यायाचं? लई झालं शिक्षण." मी तरीही निम्मं पाणी उपसलं. तुम्ही ते मोरीत जाऊ दिलं नाहीत. बादली-बादली करत जिना उतरून खालच्या कडुलिंबाला नेऊन घातलंत, तिसऱ्या मजल्यावरून, त्या गुडघ्यांनी. आणि वर येऊन खिळ्यावरची पिशवी घेतलीत आणि निघून गेलात.

मंगल रडायला लागली. मी गाडी काढून बसस्टँडला गेलो, सिल्लोडच्या सगळ्या बस बघितल्या, कंडक्टरला विचारलं. तुम्ही सापडलात कुठे, तर घराजवळच्या मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकड्यावर, पिशवी मांडीवर घेऊन. मामा, सिल्लोडला रेल्वे जात नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. मी तेच बोललो तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाडी कुठं का जाईना, बसायला बाकडं तर हाय." आणि स्कूटरवर मागे बसताना विचारलंत, "मासं जेवले का?"

त्या दिवसापासून मंगलनं मला ताकीद दिली. आप्पांना माशांवरून शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, मग किडे? ती म्हणाली, किडे राहू द्या.

मी ते मान्य केलं नाही. तुम्हीही नाही, पण तुमच्या पद्धतीनं. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा येताना तुमच्या धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं होतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पेटीतलं पाणी ताकासारखं पांढरं, मासे वर तोंड करून आ वासतायत, आणि तुम्ही घोंगडीवर बसून समाधानानं बघताय.

"मामा, काय टाकलं यात?"

"गूळ."

"गूळ?"

"आधी गूळ द्यायाचा. गुळाला जंत गोळा होतेत. समदे गोळा झाले की मग पळसपापडी. शेरडाला, लेकराला, समद्यांला तेच." तुम्ही मूठ उघडून पळसाच्या कुटलेल्या बिया दाखवल्यात. "आत्ता गोळा हून ऱ्हायलेत."

मी कपाळावर हात मारला. पोटातल्या जंताचं औषध तुम्ही आख्ख्या हौदाला पाजायला निघाला होतात! गूळ भेलीभर नसला तरी मूठभर होता, तो विरघळला आणि पाण्यातली हवाच संपली. थोरला आडवा व्हायला लागला होता. पाण्याचा दिवस लांब होता. टिपाडात तळाशी जे होतं ते तुमचंच, तुम्ही राखलेलं. मला वाटलं, आता इथेही आडवे उभे राहाल. तुम्ही उठलात आणि स्वतः टिपाड कलंडवलंत. पिण्याच्या घागरीसुद्धा तुम्हीच उचलून आणल्यात. शेजारच्या वहिनींकडे कधी मान वर करून न बोलणारे तुम्ही, त्यांच्या दारात जाऊन बादली मागितलीत. मी नळी धरली होती, तुम्ही ओतत होतात, आणि थोरला सरळ झाला तेव्हा तुम्ही माझ्या खांद्याला धरून मटकन खाली बसलात. मला तेव्हा तुमचा राग यायला हवा होता, पण तुम्हाला आधी पाणी पाजावं असं वाटलं, आणि पाजायला घरात पाणी नव्हतं.

त्या दिवशी खडे उपसताना मला खरी गोष्ट सापडली. खड्यांच्या तळाशी ज्वारीच्या भाकरीचा लगदा. थरावर थर.

मी तो हातावर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मंगलनं बघितलं आणि दार लोटून घेतलं. तिला ठाऊक होतं. तुम्ही जन्मभर ताटावर बसलात की पहिला घास मुक्या जनावरासाठी बाजूला काढत आलात. गावात तो कधी कुत्र्याला, कधी कोकराला. इथे तिसऱ्या मजल्यावर ना गाय, ना शेळी. म्हणून दोन्ही वेळचा पहिला घास हौदात. तुमच्या हिशोबानं या घरात तेवढेच मुके जीव होते.

"मी आजच सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"अजिबात नाही," मंगल म्हणाली. "त्यांचा घास घेणारं या घरात कुणी नाही असं त्यांना वाटलं ना, तर ते पिशवी उचलतील. आणि या वेळी बाकड्यावर नाही बसायचे."

"मग मी काय जन्मभर किडे उपसायचे?"

"उपसा की. तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय! दर शुक्रवारची सुट्टी गेली. कंपनीला सुट्टी शुक्रवारी, सगळं जग कामावर, आणि मी फरशीवर तुमच्या घोंगडीच्या कडेला बसून नळीनं भाकरी उपसतोय. तुम्ही शेजारी. भाकरी कुठून येते हे मला माहीत नाही, असं मी दाखवायचं. किडे कशानं होतात याचं तुम्ही नवल करायचं. "पाण्याचाच दोष आसंल," तुम्ही म्हणायचात. "पाण्याचाच," मी दात आवळून म्हणायचो. एकदा तर तुम्ही मला समजावलंत की कंपन्यांच्या धुरानं असं होतं, आणि मी मान डोलावली. कंपनीत मी कुणाचं एवढं ऐकून घेत नाही, मामा.

पण मला हेही सांगायचं आहे की त्या शुक्रवारांत मी जे ऐकलं ते मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पिलू मेलेल्या मेंढीला दुसरीचं पोरकं कोकरू कसं लावायचं, आधी त्याच्या अंगावर मेलेल्याचं कातडं पांघरून तिला वास कसा द्यायचा, हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याशी तोंड उघडलं ते कळपातली एक मेंढी कमी आहे हे सांगायला, आणि ती खरंच कमी होती, हे तुम्ही दर महिन्याला नव्यानं सांगायचात आणि दर वेळी तेवढेच हसायचात. आणि एकदा मलाच विचारलंत, "पाव्हणं, तुमी दिसभर तिथं करता काय नेमकं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, मंगलनं विचारलं नाही, सायलीनं नाही, माझ्या स्वतःच्या वडिलांनीही नाही. मी सांगितलं, मालातल्या बारीक चिरा शोधतो. "मग तुमाला किडं दिसणारच," म्हणालात. मी हसलो, आणि नंतर कितीतरी दिवस ते डोक्यातून जाईना.

किडे मारावेत की नाही हा आपला वाद मात्र तसाच राहिला. शेवटच्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, "समदे किडं मेले तर तुमी काय कराल?" मी म्हणालो, सुखानं झोपेन. तुम्ही म्हणालात, "झोपाल, झोपाल." मी नळी धुवायला उठलो. पुढच्या शुक्रवारी तुम्ही नव्हतात. असा अर्धवट वाद टाकून जातात का?

तुम्हाला गावी नेलं. तुमच्या पुतण्यानं अग्नी दिला. सगळं रीतीप्रमाणे झालं. घास घ्यायला तिथे गाय होती, कुत्री होती, तिथे काही अडलं नाही. शेजारच्या वहिनी एक दिवसाआड येऊन माशांना चिमूटभर खाणं टाकत होत्या, दुकानदार सांगतो तेवढं, नेमकं. आम्ही परत आलो, दार उघडलं आणि समोर हे नितळ पाणी. थोरल्यानं आणि ठिपक्यांच्या माशानं भुकेपोटी तळ कुरतडून किडे संपवले होते. मी हातात पिशवी घेऊन बघतच राहिलो. तुमची पिशवी. तुमच्याबरोबर गावी नेलेली ती पिशवी परत आणायची की नाही हे मंगलनं कुणाला विचारलं नाही. तिनं ती माझ्या हातातून घेतली, आतली धोतरं काढली, घडी केली आणि कपाटातल्या त्या मोकळ्या कप्प्यात ठेवली.

मी म्हणालो, "बघ, घास बंद झाला आणि किडे गेले. गुळाच्या वेळेपासून म्हणत होतो मी. आप्पांना एकदा समजावून सांगितलं असतं, तर समजलं असतं."

ती कपाटाला टेकून उभी राहिली. "आप्पांना माहीत होतं."

"काय?"

"भाकरीनं किडे होतात ते. गुळाच्या वेळी तुम्ही माझ्याशी बोललात ना, दार लोटून? ते बाहेरच होते. मला म्हणाले, मंगे, उद्यापास्नं घास वर गच्चीवरच्या पाखरांना टाकतो. मी म्हटलं टाका. पंधरा दिवस टाकला. किडे कमी झाले होते, आठवतं?"

आठवत होतं. ते श्रेय मी माझ्या नव्या औषधाला दिलं होतं. त्या शुक्रवारी उपसायला काही नव्हतं, म्हणून मी सोफ्यावर मोबाईल बघत पडलो होतो.

"मग?"

"मग परत हौदात टाकायला लागले. मी विचारलं, आप्पा, आता कशाला? तर म्हणाले, किडं नसले की पाव्हणं तिकडं वर बसत्यात. किडं हायेत तवर खाली माझ्यापाशी बसत्यात. ऱ्हाऊ दे किडं. अन् त्यांला सांगू नको."

म्हणजे तुम्ही किडे पाळले होते, मामा! मेंढरं विकून आलात आणि माझ्या पेटीत किडे पाळलेत, चारा-पाणी करून, दोन्ही वेळा. मी कुठून-कुठून औषधं आणत होतो, तुम्ही वरून भाकरी घालत होतात, आणि वर तोंड करून म्हणत होतात, कंपन्यांचा धूर. दोन वर्षं बापलेकीनं मिळून मला येडा केलं. मी मंगलवर ओरडलो. खरंच ओरडलो, शेजारी ऐकू जाईल असा. साधं बोलता येत नव्हतं का त्यांना, म्हणालो, की पाव्हणं, जरा खाली येऊन बसा? ती म्हणाली, जावयाला असं कोण म्हणतं? आणि तुम्ही बसला असता?

बसलो असतो. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. किडे नसते तरी बसलो असतो. तुम्ही एकदा म्हणून तर बघायचं.

आज शुक्रवार. सकाळी सवयीनं नळी आणि बादली घेऊन पेटीपाशी गेलो. उपसायला काही नव्हतं. काचेच्या चारही बाजूंनी बघितलं, चष्मा पुसून बघितलं, तुम्ही बघायचात तसं काचेला गाल लावून बघितलं. एकसुद्धा नाही. मला इतकं चुकल्यासारखं झालं की मी मोरीत जाऊन रिकामी बादलीच धुतली. घोंगडी तिथेच होती. मंगल पाण्याच्या दिवशी ती धुवायला काढणार होती, मी काढू दिली नाही.

दुपारी ती जेवायला बसली. मी तिच्या ताटातल्या भाकरीचा कडेचा तुकडा मोडून घेतला. मी तो चुरून हौदात टाकला. थोरल्यानं थोडा खाल्ला, बाकीचा हळूहळू खाली जाऊन खड्यांत बसला.

"किडे होतील," मंगल म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो, आणि घोंगडीवर बसलो, माझ्या नेहमीच्या कडेला, तुमची जागा सोडून.